फांद्या छाटायला माणूस पाहिजे!

पुण्यात आमच्या बिऱ्हाडाला तिसऱ्या मजल्यावर एक गॅलरी होती आणि त्या गॅलरीत सहा कुंड्या होत्या. शिवणाच्या जुन्या कात्रीने गुलाबाच्या वाळक्या काड्या कापणे, एवढाच माझा झाडांच्या छाटणीचा अनुभव. तेव्हा ऐन अठ्ठावन्नाव्या वर्षी 'फांद्या छाटायला माणूस मिळेल का हो?' असे विचारीत मी गावभर हिंडणार आहे, असे कोणी भविष्य सांगितले असते तर मी त्याला हसून वाटेला लावले असते. पण ती वेळ आली खरी.

झाले असे की, हे निवृत्त झाले आणि आम्ही शिरूर अनंतपाळला राहायला आलो. लातूर जिल्ह्यातले हे गाव १९९९ साली तालुक्याचे ठिकाण झाले. हा सारा मुलूख बालाघाटच्या पठाराचा. काळी जमीन, मध्येच उघडे माळ, आणि घरणी नदीकडे उतरत जाणारे ओढे. अशाच एका माळाच्या उंचवट्यावर, जुन्या घराच्या चौथऱ्याशेजारी, आम्ही नवे घर बांधले. सासूबाई पूर्वीपासून इथेच. मुलाच्या पाठीमागे त्या कधी पुण्याला आल्या नाहीत. शेवटी मुलगाच त्यांच्यामागे आला.

घर नवे, पण झाडे जुनी! घराच्या उगवतीला एक प्रचंड चिंच, मागे दोन लिंब, विहिरीकडे एक गावरान आंबा आणि बांधावर बाभळी. पुण्याहून पाहायला आलेल्या मैत्रिणी म्हणाल्या, "अगं, केवढी भाग्यवान तू! मुद्दाम लावून अशी सावली मिळत नाही." आणि ते खरेच होते. लातूर जिल्ह्यात जंगल असे ते भूभागाच्या एक टक्काही नाही. २०१६ सालच्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणून ज्या लातूरला पाजावे लागले, त्या जिल्ह्यात एवढी पाच-सात मोठी झाडे दारात असणे ही श्रीमंतीच म्हणायची.

पण श्रीमंती आली की काळजीही येते. चिंचेची एक जाड फांदी थेट आमच्या स्लॅबवर झुकलेली. लिंबाचे शेंडे विजेच्या तारेला भिडलेले. घर बांधताना गवंडी म्हणाला होता, "फांद्यांचं बगा बरं का." आम्ही 'बघू' म्हणालो आणि रंगाच्या डब्यांत गुंतलो.

कार्तिकात एका संध्याकाळी अवकाळी वारा सुटला. चिंचेखाली सासूबाईंची बाज असते. दुपारचे जेवण झाले की दिवस मावळेपर्यंत त्या तिथेच. त्या दिवशी दिवेलागण झाली म्हणून त्या देवापुढे निरांजन लावायला आत आल्या, आणि मागे कडाड् असा आवाज झाला. बाहेर येऊन पाहतो तो मनगटाहून जाड अशी एक वाळकी फांदी बाजेवर पडलेली आणि बाजेचा एक गात मोडलेला. सासूबाईंनी त्या बाजेकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, "दिवा लावायचा राहिला असता, तर आज माझाच लावावा लागला असता." त्या हसल्या. मला रात्रभर झोप आली नाही. पडली ती लहान फांदी होती. स्लॅबवर झुकलेली मोठी अजून वरच होती.

दुसऱ्या दिवसापासून माणसाचा शोध सुरू झाला.

ह्यांनी पुण्याच्या सवयीप्रमाणे आधी फोन हाती घेतला. चार ठिकाणी विचारल्यावर बाहेरगावचा एक गृहस्थ मोटारसायकलवर आला. सोबत यंत्राची करवत. त्याने चिंचेकडे पाहिले, पण फांद्यांकडे नव्हे, बुंध्याकडे! कवेत घेऊन घेर मोजला आणि म्हणाला, "छाटायचं कशाला? मुळापासून मोकळं करून देतो. मजुरी नको, उलट मीच तुम्हाला पैसे देतो." ह्यांचा चेहरा क्षणभर उजळला. खर्च टळतो, धोका टळतो आणि वर पैसे! कोणाला मोह होणार नाही? मला मात्र तेव्हा एक गोष्ट उमजली. जो छाटणी फुकट करून द्यायला तयार असतो, त्याला तुमची फांदी नको असते, लाकूड हवे असते.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. उठल्या आणि चिंचेच्या पारावर जाऊन बसल्या. तो गृहस्थ गेला तरी उठल्या नाहीत.

त्या रात्री त्यांनी मला जे सांगितले, ते लग्नाला इतकी वर्षे होऊनही मी पुरते ऐकलेले नव्हते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती बोळवून गाव नुकता झोपलेला. चार वाजायला आले असताना जमीन हलली. किल्लारीच्या बाजूला तर गावेच्या गावे दगडमातीच्या भिंतींखाली गेली, सुमारे दहा हजार माणसे गेली. आमच्या जुन्या माळवदाच्या घराला उभ्या भेगा पडल्या. माणसे तेवढी वाचली. त्यानंतर कितीतरी दिवस छपराखाली जायची कोणाची छाती होईना. सासूबाईंनी चूल चिंचेखाली मांडली, अंथरुणे चिंचेखाली घातली. माझी नणंद तेव्हा बाळंतपणाला आलेली. तिच्या दीड महिन्याच्या मुलीची झोळी चिंचेच्या फांदीला बांधली. "भिंतीवरचा विश्वास उडाला होता गं," सासूबाई म्हणाल्या, "झाडावरचा उडाला नव्हता."

"कोणत्या फांदीला?" मी विचारले.

त्यांनी हात वर केला. स्लॅबवर झुकलेली होती, तीच.

आता आली का पंचाईत! झाड तोडायचे नाही, हे तर ठरलेच. कायद्यानेही ते तसे आपल्या मर्जीचे नाही. महाराष्ट्रात १९६४ सालापासून झाडे तोडण्यावर नियंत्रण आणणारा कायदा आहे आणि परवानगीवाचून तोडू नयेत अशा झाडांच्या त्याच्या यादीत साग, चंदन, मोह यांच्याबरोबर आपली चिंच आणि आंबाही आहेत. झाड आपल्या अंगणात असले म्हणून ते आपल्याला हवे तेव्हा पाडता येते, हा समज चुकीचा. आम्ही तर छाटणीपूर्वीही कचेरीत जाऊन विचारून आलो. अर्धा दिवस गेला, पण मनाला स्वस्थता आली.

मग एक तरुण मजूर मिळाला. अंगाने धट्टाकट्टा, हाती कुऱ्हाड. चिंचेआधी लिंबाची एक फांदी करून दाखव म्हटले. तो चढला आणि वरून सपासप घाव घालू लागला. अर्धी तुटताच फांदी आपल्याच भाराने खाली वाकली आणि बुंध्यावरची साल सोलपटत हातभर खाली घेऊन आली. केळे सोलावे तसे! पांढरे लाकूड उघडे पडले. तो खाली उतरून म्हणाला, "झालं की!" त्याला मजुरी दिली आणि चिंचेला हात लावू नको म्हणून सांगितले. चूक त्याची नव्हती. कुऱ्हाड चालवता येणे आणि झाड छाटता येणे या दोन गोष्टी वेगळ्या, हे मलाच माहीत नव्हते.

त्यानंतर जो तो 'उद्या येतो' म्हणे. मी चिडत असे. मग हळूहळू कळले की, गावाचा वर्षाचा हिशेब माझ्या दिनदर्शिकेत नसतो. सोयाबीन निघाले की रब्बीची पेरणी. पेरणी आटोपते न आटोपते तोच तुरीची कापणी. कित्येक हात तर दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडलेले. माझी फांदी म्हणजे मला डोंगराएवढे संकट, पण गावाच्या कामांत तिचा नंबर फार खाली.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी मी पुन्हा गावात गेले, तर गाव ओस! दुकाने बंद, गल्लीत चिटपाखरू नाही. मी घाबरलेच. एका ओट्यावर बसलेली म्हातारी हसून म्हणाली, "अव बाई, आज येळवस न्हाय का? समदी शेतात गेलीत."

वेळ अमावस्या! लातूर-धाराशिवकडचा हा सण पुण्या-मुंबईच्या वाचकांना क्वचितच माहीत असेल. त्या दिवशी सारे गाव रानात लोटते. उभ्या पिकात कडब्याची कोपी करतात, आत पाच दगड पांडव म्हणून मांडून पुजतात, आणि मग जेवणाची चंगळ. ताकात शिजवलेली ज्वारीची आंबील, सगळ्या भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. वाटेने जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचे, ही तिथली रीत. माणूस शोधायला निघालेली मी शेजारच्या शेतात पंगतीला जाऊन बसले.

आंबिलीच्या दुसऱ्या पेल्याला मी माझे गाऱ्हाणे गायले. पुरुष मंडळी मान हलवीत राहिली. वाढणारी एक बाई मात्र थांबली आणि म्हणाली, "मग चिंचा झोडणाऱ्या मामाला का इचारत न्हाईत?"

इतके साधे होते हो ते! या भागात माघ-फाल्गुनात चिंच पिकते. व्यापारी झाडावरचे फळ आधीच विकत घेतात, आणि मग गडी झाडावर चढून फांद्या हलवून, काठीने झोडून चिंचा पाडतात. बायका खाली वेचतात. लातूरच्या बाजारात पुढे तिचे ढीग लागतात. ज्याने जन्मभर चिंचेच्या शेंड्यापर्यंत जाऊन अंग तोलले आहे, त्याला कोणती फांदी भार घेते आणि कोणती दगा देते हे ठाऊक नसेल तर कोणाला? मी 'छाटणारा' शोधत होते. मला हवा होता 'चढणारा'.

मामा आले ते चार दिवसांनी. साठीच्या पुढचे, काटक. आल्या आल्या सासूबाईंना हात जोडून म्हणाले, "आक्का, बरं हाय नव्हं?" म्हणजे ओळख जुनीच! सासूबाईंना विचारले असते तर पहिल्याच दिवशी नाव कळले असते. पण त्यांना कोणी विचारलेच नव्हते, आणि त्या आपणहून सांगणार नव्हत्या. का, ते मला पुढे कळले.

मामांनी झाडाला हात लावला नाही. आधी चहूबाजूंनी फिरले. वारा कुठून येतो, तार कोणाची, घरट्यात पिले आहेत का, गेल्या साली चिंच कशी धरली, एवढे प्रश्न विचारले. मग काठीने त्या मोठ्या फांदीवर टकटक केले आणि कान दिला. दुसऱ्या फांदीवर केले. आवाजातला फरक मलाही कळला. एक भरीव, एक ढब्ब.

"सूनबाई, गुत्तं ठरवायचं नाही," ते म्हणाले. "हजेरीनं काम करीन. गुत्तं घेतलं की हात घाई करतोय."

आणि काम केव्हा? "उजेडची जत्रा होऊ द्या." उजेड हे याच तालुक्यातले गाव. तिथे जानेवारीत चक्क महात्मा गांधींच्या नावाने यात्रा भरते. लोक तिला गांधीबाबाची यात्रा म्हणतात. ती चुकवायची नाही, हे मामांचे ठरलेले. पण त्यात झाडाचाही विचार होता. तोवर थंडी ओसरते, हवा कोरडी असते, घाव लवकर सुकतो. पावसाळ्यात केलेला घाव ओला राहतो आणि कुजतो. आंबा मात्र त्यांनी सोडून दिला. "त्याला मोहोर हाय. आंबे उतरवले की मग बगू."

जत्रा झाली आणि मामा आले. बरोबर विशीतला पुतण्या. आदल्या दिवशी वीज कंपनीत सांगून ठेवले होते. तार बंद झाल्याची खात्री झाल्यावाचून मामा लिंबावर चढले नाहीत.

त्यांचे काम मी खुर्ची टाकून पाहिले. फांदी खोडापासून हातभर दूर धरून आधी खालच्या अंगाने करवत; एक तृतीयांश झाली की थांबायचे. मग त्याच्या थोडे पुढे वरून कापायचे. फांदी वजनाने मोडते ती त्या खालच्या कापापाशी येऊन थांबते, साल सोलत नाही. शेवटी उरलेले खुंट काढायचे, पण खोडाला अगदी घासून नव्हे. फांदी जिथून निघते तिथे सालीची एक फुगीर वळी असते. मामा तिला फांदीचा गळा म्हणतात. तो गळा झाडावर राहू द्यायचा. "गळा कापला की जखम भरत न्हाई," एवढेच त्यांचे शास्त्र.

नंतर मी जरा वाचन केले आणि थक्क झाले. अमेरिकेच्या वनखात्यात अलेक्स शायगो नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी हजारो झाडे उभी चिरून आतल्या जखमा तपासल्या आणि १९७७ साली आपले म्हणणे मांडले. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही; झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती घालते आणि त्याला कोंडून टाकते. त्या फुगीर वळीत ही भिंत घालायची ताकद असते. ती कापली तर कूज खोडात शिरते. जखमेवर डांबर किंवा रंग फासल्याने कूज थांबत नाही, हेही त्यांनी दाखवले. मामांनी शायगोंचे नाव ऐकलेले नाही. पण हे डांबराचा डबा घेऊन आले तेव्हा त्यांनी तो बाजूला ठेवायला सांगितला. "उघडं राहू द्या. वारं लागू द्या."

शेवटी राहिली ती फांदी.

मामा खाली उतरले आणि सासूबाईंसमोर उकिडवे बसले. "आक्का, ती आतून पोकळ झालीय. एका वादळाला घरावर येईल, आन जाताना अर्ध झाड फाडून नेईल."

सासूबाई खूप वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, "तिच्याबिगर झाड ऱ्हाईल?"

"ऱ्हाईल. ती ठेवली तर ऱ्हाणार न्हाई."

तेव्हा मला कळले, या बाईने मामांचे नाव का सांगितले नव्हते. हा माणूस खरे सांगेल, याची त्यांना खात्री होती. खोटे बोलणाऱ्या दहा जणांना त्या पारावर बसून परतवू शकत होत्या. याला परतवता आले नसते.

"मग काढ," त्या म्हणाल्या. "पर दोरानं उतरव. आपटू नको."

ती फांदी एका घावात पडली नाही. नाड्याने बांधून, वरच्या भरीव फांदीवरून दोर घेऊन, तुकड्या-तुकड्यांनी ती खाली आली. सारी दुपार लागली. स्लॅबला ओरखडा नाही. खाली आलेल्या ओंडक्याच्या पोटात हात जाईल एवढी ढोली होती आणि तीत काळा भुसा. वरच्या अंगाला मात्र सालीत एक बोटभर खाच होती, दोराने पडावी तशी. झोळीची असेल, नसेल. सासूबाईंनी तिच्यावरून एकदा हात फिरवला आणि त्या आत गेल्या. त्या झोळीतली मुलगी आज दोन मुलांची आई आहे. रात्री त्यांनी तिला फोन लावायला सांगितला.

लिंबाचा पाला शेजारच्या शेळ्यांना गेला, बारीक सरपण वेचायला आलेल्या बायकांना, जाड लाकूड आम्हाला. ही वाटणी मामांनीच आधी ठरवली होती. त्यामुळे अंगणातला पसारा उचलायला वेगळा माणूस शोधावा लागला नाही. संध्याकाळपर्यंत अंगण झाडल्यासारखे स्वच्छ!

वाचकहो, शहरातली पुष्कळ मंडळी आता गावाकडे, डोंगराकडे घर बांधू लागली आहेत. तुमच्यावर ही वेळ आली तर माझा अनुभव उपयोगी पडेल. घरातल्या आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना आधी विचारा. लाकडाच्या बदल्यात काम करणाऱ्यापासून सावध राहा. शक्यतो हजेरीने काम करून घ्या आणि काम चालू असताना हजर राहा. झाडाचा पाव हिश्श्याहून अधिक हिरवा पसारा एका वर्षात काढू देऊ नका. सगळा शेंडा छाटून झाडाचे बोडके करणे म्हणजे छाटणी नव्हे. तारेजवळ वीज बंद झाल्याखेरीज कोणाला चढू देऊ नका. आणि वर जाणाऱ्या माणसासाठी कमरेचा पट्टा तुम्ही आणून ठेवा. तो मागणार नाही. मागायची रीत नाही म्हणून.

आम्ही लातूरहून तसा पट्टा आणला, तो मात्र काम अर्धे झाल्यावर, माझ्या जिवाचे पाणी पाणी झाल्यावर! मामांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि पुतण्याच्या कमरेला बांधला. "मला आता सवय व्हायची न्हाई. याला लावा." मामांचे दोन्ही मुलगे पुण्याला गाडी चालवतात. झाडावर चढणारा घरात हा पुतण्या एकच उरला आहे. या साली चिंचा झोडतानाही तो पट्टा बांधूनच चढला, असे मामांनी मला येऊन सांगितले. सांगताना ते थोडे हसले, पण रागाने नव्हे.

मृगाचा पाऊस झाला तेव्हा चिंच नेहमीसारखी फुलली. ती फांदी होती तिथे आता आभाळाचा एक तुकडा दिसतो, आणि कापाच्या कडेने सालीची नवी गोल किनार धरू लागली आहे. बाजेला नवा गात बसवला. ती पुन्हा चिंचेखाली आहे. जराशी उगवतीला सरकवली आहे इतकेच. सासूबाई दुपारी तिथेच असतात.

यंदाच्या येळवसेला कोपी आमच्या रानात आहे. मामांना आमंत्रण गेले. आंबील सासूबाई करणार आहेत.